गाडी लेट होती

थकवा घालवायचे उपाय सांगणारे लेख मी आवडीने वाचते. लोकलमध्ये उभ्यानं वाचते, एका हाताने वरची कडी धरून. कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, असं त्यात असतं. आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे फोन ठेवायला गेलं की कुकर लावूनच बाहेर यावं लागतं.

आमच्या डोंबिवली-मुंबई लोकलच्या मार्गावर आरामात प्रवास झाला तो 16 एप्रिल 1853ला. बोरीबंदर ते ठाणे, 14 डबे आणि 400 पाहुणे. म्हणजे एका डब्यात तिसाच्याही आत माणसं! त्यानंतर बसायला जागा मिळणं हेच सुख झालं आणि डोंबिवलीकरांनी ते मिळवायची युक्तीही काढली. मुंबईला जायचं तर आधी उलटं कल्याणला जायचं, तीच गाडी परत फिरताना सीट धरून यायचं. याला 'रिटर्न' म्हणतात. कल्याणकरांचा यावर जुना राग आहे. गाडी त्यांच्या स्टेशनात येते तीच भरलेली, आणि आत खिडकीशी डोळे मिटून बसलेली डोंबिवली. राग रास्त आहे. पण त्या वेळी आम्ही झोपलेलो असतो.

संध्याकाळची तऱ्हा वेगळी. ''ताई, कुठे उतरणार?'' हा बसलेल्यांना विचारायचा प्रश्न भायखळ्यापासून सुरू होतो. 'ठाणे' म्हणणाऱ्या बाईकडे सगळा डबा लेकीकडे बघावं तशा मायेने बघतो. तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी अर्धंच अंग टेकतं, तेवढंही पुरतं. कुणी मांडीवर पिशवी पसरून गवार मोडतं, कुणी लसूण सोलतं. आमच्या ग्रुपमधली एक जण काहीच करत नाही. केसांचा क्लिप काढते, पर्सच्या बंदात अडकवते आणि मान टाकते. ठाणं सुटल्यावर खाडीवरचा वारा आत येतो तेव्हा ती घोरत असते. कोपर गेलं की डोळे आपोआप उघडतात, क्लिप लागतो, आणि बाई दाराशी हजर. गजराच्या घड्याळाला हे जमलेलं नाही.

माझं सुख मात्र गाडीतून उतरल्यावर सुरू होतं. डोंबिवली पूर्वेला स्टेशनाबाहेर निवडलेली मेथी, सोललेले मटार मिळतात. ते घेतले की पंधरा-वीस मिनिटं हाताशी येतात. काटकसरी बायका याला उधळपट्टी म्हणतात. मला ती दिवसातली सगळ्यात शहाणी खरेदी वाटते. ती मिनिटं घेऊन मी फडके रोडला वळते. दिवाळीच्या पहाटे जिथे नटलेल्या तरुणाईमुळे पाय ठेवायला जागा नसते, तिथे एका गाडीपाशी उभी राहून एक वडा खाते. आधी कडेचा कुरकुरीत चुरा, मग मिरची, मग वडा. अख्खा. घरी नेला तर त्याचे चार वाटे होतात आणि मला मिरची येते. मग वेलदोडा चघळत घरी, म्हणजे वास येत नाही. ठाण्याला राहणारी माझी मैत्रीण अशीच मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसते. हट्ट करणारी दुसऱ्यांची पोरं बघायची, आपल्या पोरांना फोन करायचा नाही, एवढाच तिचा कार्यक्रम.

घरी दोघीही एकच सांगायचो, ''गाडी लेट होती.'' यावर कुणी कधी शंका घेतली नाही. एरवी गाडी आमचा इतका वेळ खाते, की तिच्या खात्यावर थोडा उधार घेतला तर काय बिघडलं!

पण हल्ली घरच्यांच्या फोनवर गाड्यांच्या वेळा सांगणारं एम-इंडिकेटर ॲप आलंय. मुलगा सोफ्यावरूनच सांगतो, ''आई, तुझी गाडी तर वेळेवर होती.'' म्हणून आता मी रिक्षाला लाइन होती म्हणते. रिक्षाच्या लाइनचं ॲप अजून कुणी काढलेलं नाही. काढलंच तर काढणारा डोंबिवलीचाच निघेल, अशी धास्ती आहे.