टॅलंट म्हणजे किती स्टोन?

ग्रीक इतिहासाची जुनी इंग्रजी भाषांतरं वाचकाची फार काळजी घेतात. मजकुरात ‘टॅलंट’ आला की खाली टीप हजर : सुमारे ५७ पौंड. झालं, शंका फिटली. ज्याला टॅलंट कळत नाही त्याला पौंड कळतोच, याबद्दल टीपकाराच्या मनात तिळमात्र संशय नसतो.

मुळात अथेन्सचा हिशोब सरळ होता. ६ ओबोलचा द्राख्मा, १०० द्राख्मांची मिना, ६० मिनांचा टॅलंट. शाळकरी पोरानं तोंडी करावा असा. तो सोपा करून सांगायचा म्हणून १६ ड्रॅमचा औंस, १६ औंसांचा पौंड, १४ पौंडांचा स्टोन, ८ स्टोनांचा हंड्रेडवेट आणि २० हंड्रेडवेटचा टन. नावात शंभर असलेला हा हंड्रेडवेट ११२ पौंड भरतो. वरचे बारा कशाचे, ते विचारू नये. बरं, स्टोन तरी सगळीकडे १४ पौंडांचा? लंडनच्या स्मिथफील्ड बाजारातले खाटीक ८ पौंडांनाच स्टोन म्हणत.

पार्थेनॉनमधल्या अथेनाच्या मूर्तीवर ४० टॅलंट सोनं होतं, असं थ्युसिडिडीज सांगतो. सोन्याचे पत्रे सुटे करता येत. मूर्तिकार फिडियासवर चोरीचा आळ आला तेव्हा पेरिक्लीसनं, काढा आणि तोला, असं सांगितल्याचं प्लुटार्क लिहितो. अथेन्सकरांचं तेवढ्यावर भागलं. आपल्याला मात्र टीप पाळायची आहे. ४० गुणिले ५७, म्हणजे २,२८० पौंड. म्हणजेच १ टन, २ स्टोन, १२ पौंड. हुश्श करावं, तर कोणीतरी जाणकार आठवण करून देतो की सोनं या पौंडानं तोलतच नाहीत. त्याला ट्रॉय पौंड लागतो. साधा पौंड ७,००० ग्रेनचा, ट्रॉय ५,७६० ग्रेनचा, आणि त्यात औंस १२च. म्हणजे सोन्याचा पौंड कापसाच्या पौंडापेक्षा हलका, पण सोन्याचा औंस कापसाच्या औंसापेक्षा जड. अथेना आता सुमारे २,७७१ पौंडांवर गेली. शिवाय ब्रिटिशांनी हा ट्रॉय पौंड १८७८ च्या कायद्यानं मोडीत काढला आणि औंस तेवढा ठेवला. तेव्हा पुन्हा गुणिले १२.

ग्रीकांचीही फार बाजू घेण्यात अर्थ नाही म्हणा. सोलोननं बाजारासाठी ६३ मिनांचा टॅलंट ठरवल्याची नोंद आहे, आणि एजिना बेटाचा टॅलंट तर चांगलाच जड होता. टिपेतला ५७ पौंडांचा टॅलंट यांपैकी कुठला, हे टिपेला टीप देऊनच सांगावं लागेल.

प्रकाशकांना विनंती एवढीच, की पुढच्या आवृत्तीत पौंड, स्टोन सगळे काढावेत आणि एक ओळ छापावी : अथेन्सचा टॅलंट, सुमारे २६ किलो.