नियमातले भाऊसाहेब

जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी कार्यालयात जा, आस्थापना शाखेत एक भाऊसाहेब असतातच. खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर काच, काचेखाली दत्तगुरू आणि वर्षभराच्या सुट्यांची यादी. सगळे नियम तोंडपाठ. पण जुन्या माणसाला नियम दाखवला, तर तो युनियनचा माणूस घेऊन येतो. म्हणून भाऊसाहेब वाट बघत असतात नव्या भरतीची.

अशीच एक मुलगी लिपिक-टंकलेखक म्हणून आली. रुजू व्हायच्या दिवशी साडेनऊलाच बाकावर. कार्यालय पावणेदहाचं, भाऊसाहेब उगवले साडेअकराला. पान थुंकून, पंखा लावून त्यांनी तिचा रुजू अहवाल हातात घेतला तेव्हा सव्वाबारा झाले होते.

"मध्यान्होत्तर लिहा."

"सर, मी सकाळपासून इथेच बसलेय."

"बसला असाल. रुजू आत्ता होताय."

दुपारनंतर रुजू झालेल्याचा पगार दुसऱ्या दिवसापासून धरतात. नोकरीच्या पहिल्याच दिवसाचा पगार असा पानाबरोबर गेला.

मग कागद. सगळ्या प्रती साक्षांकित हव्यात. साक्षांकनाची अट शासनाने 2015 सालीच काढून स्वयंसाक्षांकन आणलंय, असं पोरगी भीतभीत म्हणाली. अभ्यासिकेत पाठ केलेलं, दुसरं काय! भाऊसाहेब हसले. "ते जनतेसाठी हो. तुम्ही आता जनता राहिला नाहीत."

खुर्ची मिळेना, कारण रिकामी खुर्ची जडवस्तू नोंदवहीत बदलून गेलेल्या कुलकर्ण्यांच्या नावावर. हजेरीच्या यंत्रात अंगठा चढेना, कारण त्याचा आदेश निघायचा होता. पंधरवड्याने शिपायाने तिच्या हातात पत्र ठेवलं : आपण विनापरवानगी गैरहजर असल्याचे यंत्रावरून दिसून येते, तरी तीन दिवसांत खुलासा सादर करावा. पत्रावर सही भाऊसाहेबांच्या साहेबांची, मसुदा भाऊसाहेबांचा, आणि पत्र टाइप केलं होतं त्या मुलीनेच. टंकलेखक ना!

आईला दवाखान्यात न्यायचं म्हणून तिने एक किरकोळ रजा मागितली, तेव्हा तर भाऊसाहेबांची समाधीच लागली. "मॅडम, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, 1981." हे नियम अमलात आले 15 ऑगस्टला, म्हणजे चक्क सुटीच्या दिवशी. हे मी त्यांना सांगितलं नाही. माझीही एक फाइल त्यांच्याकडे आहे.

गंमत अशी, की माणूस दुष्ट नाही. तिच्या आईसाठी ओळखीच्या डॉक्टरांना फोन त्यांनीच लावला, तोही कार्यालयाच्या वेळेत. पण सेवार्थ प्रणालीत तिचं नाव चढवायचा कागद मात्र 'तपासणीत' ठेवला, आणि नाव चढल्याशिवाय पगार निघत नाही. तीन महिने ती मैत्रिणीकडून उसने घेऊन राहिली. आता ती दोन मिनिटंसुद्धा आधी येत नाही, स्वतःहून एक ओळ लिहीत नाही, आणि कुणी काही विचारलं की आधी "लेखी द्या" म्हणते. भाऊसाहेब म्हणतात, पोरगी तयार झाली.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला सरकारी नोकरी लागली असेल, तर पेढे वाटा, पण सोबत तीन महिन्यांचा खर्च आणि प्रत्येक कागदाच्या पाच प्रती बांधून द्या. भाऊसाहेब चारच मागतील. पाचवी, त्यांनी त्या चार हरवल्या की लागेल.