साठ ग्रॅमची काटकसर

माणसाला सहा शत्रू असतात असं शास्त्रात सांगितलं आहे. रोडबाइक घेतली की सातवा येतो, तो म्हणजे वजन. कालपर्यंत भाजीवाल्याने पावशेरात चार भेंड्या कमी टाकल्या तरी ज्याचं लक्ष नसायचं, तो गृहस्थ आता पॅडलचं वजन ग्रॅममध्ये तोंडपाठ म्हणून दाखवतो. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा सापडत नसेल तर तो याच्या टेबलावर असतो आणि त्यावर बाटलीचा स्टँड ठेवलेला असतो. मग चाकं हलकी होतात, सीट हलकी होते, बँकेतली शिल्लकही त्याच मार्गाने जाते. सायकलवर आणखी काढण्यासारखं काही उरलं नाही की नजर वर वळते. वर हेल्मेट असतं.

मुंबईच्या उत्तर उपनगरांतल्या असल्या गृहस्थांचं तीर्थक्षेत्र म्हणजे चारोटी. खरं तीर्थक्षेत्रही तिथे जवळच आहे: विवळवेढ्याची महालक्ष्मी, जिची जत्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते. पण रविवारी पहाटे वर्सोवा पूल ओलांडणाऱ्या या मंडळींचा नवस वेगळा असतो. अंधेरी-बोरिवलीकडून निघून अहमदाबाद हायवेने विरार फाटा, मनोर, सोमटा करत चारोटीला पोचायचं आणि उलटं फिरायचं, की बेरीज दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांच्या जगात ‘बीआरएम’ नावाचा जो प्रकार आहे, त्याची पहिली पायरी नेमकी 200 किलोमीटरची, मुदत साडेतेरा तास. नियमांचं मूळ पॅरिसच्या एका क्लबात, घाम मात्र पालघर जिल्ह्याचा.

चारोटी नाक्यावर चहाला थांबलं की आजूबाजूला चारजण जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “केवढ्याला पडली?” आकडा खरा सांगितला तर “एवढ्यात बुलेट आली असती” हे उत्तर मिळतं, म्हणून अनुभवी माणूस आकडा निम्मा सांगतो. तरीही बुलेट येतेच. मग कुणीतरी टेबलावरचं हेल्मेट उचलतो, उलटं करतो, बोटाने दाबून बघतो आणि निकाल देतो, “आतून थर्माकोल आहे की हो!”

तो बरोबर सांगत असतो. एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन म्हणजे थर्माकोलच, फक्त जास्त घट्ट. वरचं चकचकीत पॉलिकार्बोनेटचं कवच पातळ असतं, त्याचं मुख्य काम फोमला एकत्र धरायचं आणि रस्त्यावरून घसरू द्यायचं. खरी नोकरी थर्माकोल करतो. डोकं काँक्रीटवर आपटलं तर ते जागच्या जागी थांबतं, आणि ते थांबणंच कवटीला आणि मेंदूला बाधतं. मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर फोम असला की तो चिरडत जातो आणि थांबायला डोक्याला तेवढी जागा मिळते. फोम एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. एका आपटीपुरतं आयुष्य असलेली ही वस्तू आहे. अमेरिकेतल्या बेल कंपनीने 1975 साली असं हेल्मेट बाजारात आणलं. त्याआधीचे शर्यतवाले डोक्यावर चामड्याच्या पट्ट्यांची जाळी बांधायचे; तिने केस जागेवर राहत, बाकी फारसं काही नाही.

आता परीक्षेचं बघा. युरोपच्या ईएन 1078 या मानकात हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सपाट लोखंडावर सेकंदाला 5.42 मीटर वेगाने आपटतात. ताशी साडेएकोणीस किलोमीटर. आकडा ऐकून आपले गृहस्थ हिरमुसतात, कारण सोमट्याच्या उतारावर त्यांनी ताशी पन्नास गाठल्याचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेला असतो. पण पडणारं डोकं आडवं जात असतं तसं खालीही येत असतं, आणि दीड मीटर उंचीवरून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग तेवढाच भरतो. म्हणजे ही परीक्षा स्वतःच्या उंचीवरून स्वतः पडण्याची आहे. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटींच्या आत राहिला की हेल्मेट पास. अमेरिकेच्या 1999पासून लागू असलेल्या नियमात सपाट लोखंडावर दोन मीटरवरून टाकतात आणि मर्यादा 300 पट धरतात. त्यामुळे एकाच मॉडेलची अमेरिकेतली आवृत्ती पुष्कळदा काही ग्रॅम जड निघते. हे कळल्यावर आपले गृहस्थ काय करतात? युरोपातली मागवतात.

मागून येणाऱ्या चौदाचाकी ट्रेलरचा या परीक्षेत कुठेही उल्लेख नाही. अहमदाबाद हायवेवर अंधारात, लाल दिव्याशिवाय आणि चकाकत्या जॅकेटशिवाय निघालेल्या माणसाने जगातलं सर्वात महाग हेल्मेट घातलं, तरी ट्रेलरच्या ड्रायव्हरला ते दिसत नाही.

मानकात न बसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तिरकी आपटी. सायकलवाला सहसा सरळ डोक्यावर पडत नाही, घसरत पडतो. डोकं आपटता आपटता गर्रकन वळतं, आणि मेंदूला ते वळणं फार सोसत नाही. न्यूरोसर्जन हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले संशोधक यांनी 1990च्या दशकात यावर काम सुरू केलं. त्यातून आलेल्या ‘मिप्स’मध्ये हेल्मेटच्या आत एक पातळ, निसटतं अस्तर असतं. आपटल्यावर हेल्मेट डोक्याभोवती जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकतं, आणि वळण्याचा काही जोर तिथेच जिरतो. या अस्तराने वजन थोडं वाढतं. इथे सातवा शत्रू डोकं वर काढतो: मिप्सवालं घ्यायचं की साठ ग्रॅम वाचवायचे? लिमार या इटालियन कंपनीने पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची हेल्मेटं बनवून दाखवली आहेत. बरी रोडहेल्मेटं साधारण अडीचशेच्या घरात असतात. मधल्या ग्रॅमांसाठी माणसं जे पैसे मोजतात, त्या भावात सोनं नाही तरी चांदी नक्की येईल.

आणि हाच माणूस परतताना हायवेच्या कडेला डहाणूचे चिकू दिसले की जर्सीच्या मागच्या खिशांत सहा-सात कोंबतो. एकेक चिकू वाचवलेल्या ग्रॅमांपेक्षा जड असतो. त्याचा हिशेब काट्यावर होत नाही.

वजनाची सगळीच थट्टा करणं मात्र अन्यायाचं होईल. रोडबाइकवर माणूस वाकलेला असतो आणि समोर बघायला मान मागे मोडून डोकं उचलून धरावं लागतं. त्या डोक्यावर जे काही असेल तेही मानच उचलते. तासाभरात हे जाणवत नाही, आठव्या तासाला जाणवतं. अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत 1983 साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर राहीना. त्या दुखण्याला आज त्याचंच नाव आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली हीच सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. तिथे ग्रॅम मोजायला अर्थ आहे. चारोटीला जाऊन संध्याकाळी घरच्या लग्नाला हजर राहणाऱ्या माणसाने अडीचशे ग्रॅमचं हेल्मेट घातलं म्हणून मान मोडल्याचं ऐकिवात नाही.

खरा घोळ मापाचा होतो. दुकानदार म्हणतो, “सर, एकदा घालून बघा, घातलंय असं वाटणारच नाही.” सोबत आलेली बायको विचारते, “मग घ्यायचं कशाला?” दुकानदार हसतो, आपले गृहस्थ हसत नाहीत, कारण त्यांना फक्त रंग आवडलेला असतो आणि त्या रंगात एकच साइज शिल्लक असते. टेपवर त्यांच्या डोक्याचा घेर 58 सेंटिमीटर भरतो, हेल्मेटवर 52 ते 56 लिहिलेलं असतं. “वापरून सैल होईल,” असं ते स्वतःच म्हणतात. कोल्हापुरी चपलेचा नियम थर्माकोलला लावायचा नसतो.

त्यात घेर जुळला म्हणजे आकार जुळला असंही नाही. कुणाचं डोकं लांबट, कुणाचं वरून पाहिल्यावर गोल. युरोपातली पुष्कळ हेल्मेटं लांबट डोक्यांवर बेतलेली असतात. गोल डोक्याच्या माणसाला ती कानशिलांवर दाबतात, कपाळापुढे मात्र फट राहते, आणि मनोर यायच्या आत डोकं ठणकू लागतं. म्हणून काही कंपन्या ‘एशियन फिट’ असा वेगळा साचा काढतात, आणि जपानची काबुतो तर मुळातच आशियाई डोकी समोर ठेवून बनवते. हेल्मेटच्या मागचं छोटं चाक फिरवलं की ते आवळतं हे खरं, पण ते चाक फट मिटवतं, साचा बदलत नाही. चारोटीकडच्या पाड्यांवरच्या बाया मोळी उचलण्याआधी डोक्यावर चुंबळ नीट बसवून घेतात. ती बसेपर्यंत मोळीला हात लावत नाहीत. हेल्मेटच्या खरेदीत तेवढा धीर दहा हजारांचं बिल करणाऱ्याकडेही नसतो.

मापाची परीक्षा सोपी आहे आणि दुकानात फुकट होते. हेल्मेट आडवं, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे टाकलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं आणि कपाळ उघडं ठेवतं. मागचं चाक आवळा, पट्टा न लावता मान खाली घालून डोकं हलवा. पडलं तर ते तुमचं नाही. दोन्ही पट्ट्यांचा जोड कानाच्या खाली यायला हवा. हनुवटीखाली बकल लावल्यावर एक-दोन बोटं जावीत, आख्खी मूठ नव्हे. मग तसंच घालून पंधरा मिनिटं दुकानात उभे राहा, दुकानदार चहा विचारेपर्यंत.

हेल्मेट नको म्हणण्यात मराठी माणसाची बरोबरी फक्त व्यावसायिक सायकलपटूच करू शकतात. पुण्यात जानेवारी 2019मध्ये दुचाकीवाल्यांना हेल्मेटसक्ती झाली, तर विरोधासाठी रीतसर कृती समिती आणि मोर्चा. तिकडे 1991 साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतींत हेल्मेट सक्तीचं करायचं ठरवलं, तेव्हा पॅरिस-नीसच्या शर्यतीत खेळाडूंनी संप केला आणि संघटनेने माघार घेतली. पुढे 1995 साली टूर द फ्रान्समध्ये फाबियो कासार्तेली उतारावर पडून गेला, तरी नियम आला नाही. मार्च 2003मध्ये त्याच पॅरिस-नीसच्या शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह गेला आणि त्या वर्षी सक्ती झाली. आपल्या मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटची सक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही. त्यामुळे हायवेवर दृश्य असं दिसतं, की सक्ती नसलेला सायकलवाला हेल्मेट घालून घामाघूम चाललेला असतो आणि सक्ती असलेला, तिघे बसवून, हेल्मेट कोपरात अडकवून त्याला मागे टाकतो.

चारोटीत तरी हा विषय नुसत्या थट्टेवारी नेता येत नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी इथल्याच सूर्या नदीच्या पुलावर मोटार धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. मोटार महागडी होती, मागच्या सीटला पट्टे होते. दोघांनी ते लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. मागच्या सीटला पट्टा लावण्याचा नियम कागदावर आधीपासून होता. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022पासून तो सगळ्या प्रवाशांसाठी सक्तीचा केला.

हँडलला लटकवलेल्या हेल्मेटचंही त्या न लावलेल्या पट्ट्यांसारखंच आहे, मग ते पावणेदोनशे ग्रॅमचं असो की चारशे. मे महिन्यात हायवेवरच्या ढेकाळ्यापाशी ऊन चढलं की ते आधी डोक्यावरून उतरतं, म्हणून वजनापेक्षा आधी हवेची भोकं बघा, घाम टिपणारे पॅड काढून धुता येतात का ते बघा. किमतीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची प्रयोगशाळा 2018पासून सायकल हेल्मेटं आपटून त्यांना तारे देते, आणि स्वस्तातल्या हेल्मेटांनीही तिथे पाच तारे मिळवले आहेत. नामांकित मॉडेलची अर्ध्याहून कमी भावातली हुबेहूब नक्कल इंटरनेटवर दिसली तर तिकडे फिरकू नका. रंग तोच असतो, आतला फोम कुठल्या परीक्षेला बसलेला नसतो. गाडीच्या बंद डिकीत उन्हात हेल्मेट ठेवू नका, उष्णतेने ते बिघडतं. आणि एकदा डोक्यावर पडलात, की वरून कितीही धड दिसत असलं तरी ते हेल्मेट फेकून द्या. धाकट्या भावाला देऊ नका.