खंडाळ्याच्या बदल्यात

बालीला जाऊन आलो, हे शिरवळमध्ये आता कुणाला सांगण्यासारखं राहिलेलं नाही. टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनी सिमेंटच्या दुकानदाराला बाली दाखवते, पत्र्याच्या डीलरला दाखवते, खतवाल्याला तर सहकुटुंब दाखवते. मंडळी परत येतात आणि दरीवर झोपाळा घेतानाचा फोटो डीपीला लावतात. मागे भाताची खाचरं. भोरच्या बाजूला गाडी घातली की तसलीच खाचरं फुकट दिसतात, पण तिथे झोपाळा नाही.

तेव्हा आमचं जायचं ठरल्यावर मी मनाशी पक्कं केलं, की इंडोनेशियाच करायचा, पण डीलरांच्या वाटेनं नाही. सतरा हजारांवर बेटं असलेल्या देशात जाऊन एकाच बेटावर सहा दिवस काढायचे, म्हणजे महाबळेश्वरला जाऊन मार्केटात कणीस खाऊन परत यायचं. मी लॅपटॉपवर तक्ता आखला. योग्यकर्ता, बोरोबुदुर, प्रंबानन, मग बाली (डीलरांना तोंड दाखवण्यापुरतं), तिथून आंबोन, बांदा आणि शेवटी रुन. देशात टाइम झोन तीन, म्हणून वेळेचे रकानेही तीन. पिवळा रंग विमानाचा, निळा बोटीचा. हिनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "यात जेवायचं कधी?"

आता रुन. घरच्यांना हे पाठ आहे, ते उठून जातात. तुम्ही नवीन आहात.

एके काळी जायफळ जगात फक्त बांदाच्या टिकल्याएवढ्या बेटांवर पिकायचं. रुन त्यातलंच एक, लांबी जेमतेम तीन किलोमीटर. त्यासाठी इंग्रज आणि डच अर्धं शतक भांडले. अखेर १६६७ मध्ये ब्रेडाचा तह झाला. ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याच्याकडे राहिलं. इंग्रजांनी रुनवरचा हक्क सोडला, डचांनी मॅनहटनवरचा. होय, तेच न्यूयॉर्कचं मॅनहटन. त्या वेळी डचांना वाटलं, आपण जिंकलो.

हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठलोच. कारण हा व्यवहार आमच्या तालुक्यातही झालेला आहे! १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वर घेतलं आणि बदल्यात दिलं काय, तर खंडाळा. आमचं खंडाळा. आज महाबळेश्वरात एका रात्रीचं भाडं विचारून या आणि मग आमच्या खंडाळ्यात चहा प्या, म्हणजे या व्यवहारातली गंमत कळेल.

इथेही आमचं नशीब असं, की आधी 'लोणावळ्याजवळचं नव्हे' एवढं सांगण्यातच निम्मा वेळ जातो. १९९८ मध्ये 'गुलाम' आला आणि त्यातल्या खंडाळ्याच्या गाण्यानं तर आमची पुरती वाट लावली. मुंबईचे पाहुणे अजूनही धबधबे कुठे म्हणून विचारतात. आम्ही त्यांना खंबाटकीचा बोगदा दाखवतो.

तर माझा सिद्धांत असा, की रुन आणि खंडाळा हे सख्खे भाऊ. रुनच्या सरपंचाला, म्हणजे तिथे जो कोणी सरपंच असेल त्याला, गाठायचं, ही हकिकत सांगायची आणि दोन्ही गावांनी मिळून मॅनहटन आणि महाबळेश्वरकडे थकबाकी मागायची. शाल आणि श्रीफळ इथूनच न्यायचं. सत्काराच्या फोटोत मी कुठे उभा राहणार, तेही ठरलेलं होतं. अशा फोटोपुढे पत्र्याचा डीलर काय लावणार?

"बाबा, तुम्ही फिरायला निघालाय की वसुलीला?" कन्येनं विचारलं.

तक्त्यात बांदाचा रकाना भरायचा म्हणून जास्त वाचायला घेतलं, तेव्हा मात्र १६२१ साल लागलं. मक्तेदारी पक्की करायला डच कंपनीचा गव्हर्नर जनरल कून आरमार घेऊन आला. बेटांवरच्या चव्वेचाळीस पुढाऱ्यांना जपानी भाडोत्री शिपायांकरवी मारलं. सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभर उरले असतील, असा अंदाज आहे. बाकीचे मेले, उपासमारीनं गेले, गुलाम झाले, पळाले. आणि रुनवरची जायफळाची झाडं डचांनी तोडून टाकली. इंग्रजांना उपयोग होऊ नये म्हणून.

हे मी घरात मोठ्यानं वाचत होतो. आई उठली आणि मसाल्याच्या डब्यातून जायफळ घेऊन आली. एका अंगानं उगाळून सपाट झालेलं, सपाटीवर पांढुरक्या गाभ्यातून गेलेल्या तपकिरी रेघा, आणि कडेला सहाणेचं वाळलेलं पीठ. "असलंच उगाळून तुला निजवायचे," ती म्हणाली. "नातीलापण. एवढ्याशापायी माणसं मारली व्हय?"

मारली, म्हटलं.

खंडाळ्यात त्या अदलाबदलीपायी असं काही झालं नाही. पण विचारलं असेल कुणी तिथल्या लोकांना? दोन मोठी माणसं टेबलाशी बसतात, या गावच्या बदल्यात ते गाव, आणि गावाला कळतं ते सारा भरायला गेल्यावर. याचा मला खरंच राग येतो, आणि हा राग नुसता पुस्तकी नाही. आमच्याकडे हायवेच्या कडेला मोजणीची माणसं उतरली, की शेतकरी हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभा राहतो. बोलत काही नाही. उभा राहतो.

असो. बांदाला जाणं तसं अशक्य नाही. विमानानं आंबोन, तिथून बोटीनं बांदा नेइरा, पुढे छोट्या होडीनं रुन. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो, म्हणजे दिवाळीची सुट्टी सोयीची. हे सगळं मी पुण्याच्या एका टूरवाल्याला ब्रेडाच्या तहासकट समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं. बिचाऱ्याला माझ्यासारखे रोज भेटत असावेत. मग म्हणाला, "सर, बालीत पाच रात्री, रोज भारतीय जेवण, झोपाळा इन्क्लूडेड."

मी हिच्याकडे पाहिलं. वाटलं, ही हसेल.

"मला बसायचंय झोपाळ्यावर," ही म्हणाली. "डीपीला पण लावायचाय. अहो, जिथे जाल तिथे तुम्ही इतिहास सांगता आणि मी पिशव्या घेऊन उभी. प्रतापगडावर अफझलखान मरेपर्यंत माझे पाय भरून आले होते."

टूरवाल्यानं खाली बघून कॅल्क्युलेटर ओढला.

परतीच्या वाटेवर, खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत, आमचा तह झाला. मी रुनवरचा हक्क सोडायचा. बदल्यात प्रंबाननला मला अर्धा दिवस, पिशव्या माझ्याकडे, बोलणं दहा मिनिटं. झोपाळ्याचा फोटो मी काढायचा आणि काढताना भोरच्या खाचरांचा उल्लेख करायचा नाही. शिवाय येत्या रविवारी आईंना महाबळेश्वर. या शेवटच्या कलमावर मी हरकत घेतली, की बदल्यात महाबळेश्वर देण्याइतकं मी मिळवलंय काय? ती फेटाळली गेली.

घरी आल्यावर आईला कलमं वाचून दाखवली. तिची एकच सूचना होती. जायफळ तिकडून आणू नका, शिरवळच्या बाजारात चांगलं मिळतं.