अल्फाकाका

"आज बासष्ट," लिफ्टचं दार ओढून घेत काका म्हणाले.

"वाटत नाही हो," मी म्हटलं. वय सांगताहेत असं मला वाटलं.

"वय नाही रे, शांतता!" काका एवढ्या जोरात ओरडले की तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. "शंभरात बासष्ट. सोमवारी अडुसष्ट होते. सहा मार्क कुठे गेले, ते विचारून आलोय मी त्यांना."

त्यांच्या टकलावर मधोमध पांढरट काहीतरी वाळलं होतं, कानाच्या पाळीवरही. आमच्या इमारतीत कबुतरं उदंड, त्यामुळे मी विषय काढला नाही. ती न्यूरोफीडबॅकची पेस्ट होती, हे नंतर काकूंकडून कळलं.

काका नवघर रोडवरच्या आमच्या सोसायटीतले सर्वांत जुने रहिवासी. फोर्टातल्या बँकेत 34 वर्षं नोकरी, म्हणजे 34 वर्षं लोकल. भाईंदरला उतरणारा माणूस विरारच्या गाडीत शिरला की विरारकर त्याच्याशी कसे वागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला काकांच्या स्वभावाचं मूळ सांगायला नको. निवृत्तीनंतर गर्दी सुटली, कोपर मारायची सवय राहिली. पाण्याचा टँकर, आडवी लावलेली स्कूटर, वॉचमनची डुलकी, मेट्रोचे खांब, कशावरही काकांचा पारा चढायचा. खांबांवर चिडून मेट्रो लवकर येत नाही, हे काकूंनी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं होतं.

उपाय त्यांनी कमी केले नाहीत. तांब्याच्या लोट्यातलं पाणी झालं, मनगटाला चुंबकाचा पट्टा झाला. जेसल पार्कच्या चौपाटीवर हास्यक्लबात गेले आणि आधी कोणी हसायचं यावरून भांडून घरी आले. गोराईला पॅगोडाच्या आवारात दहा दिवस मौन धरायला गेले ते चौथ्या दिवशी परत. काय झालं म्हणून विचारलं, तर दीड तास बोलले.

मग दिवाळीत टँकरवाल्याशी हुज्जत घालता घालता ते पायरीवरच बसले. ब्लड प्रेशर 180. फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, त्यांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, हवं तर जोडीला न्यूरोफीडबॅकही करून बघा, पण गोळी सोडायची नाही. काकांनी "जोडीला" हा शब्द ऐकलाच नाही. वीस बैठकांचं पॅकेज घेऊनच ते घरी आले. दवाखाना मीरा रोडला. तिथे शांती मुळात बिल्डरांनीच आणलेली, शांतीनगर काय, शांती पार्क काय. आता ती मशीनवर मिळते, इतकंच.

एकदा काकूंचा गुडघा धरला म्हणून मी सोबत गेलो. आत खुर्ची, समोर पडदा, आणि भाचीसारखा जीव लावणारी एक मुलगी. तिचा पहिला प्रश्न, "काका, डोक्याला तेल नाही ना लावलं?" तेल असलं की तारा नीट चिकटत नाहीत. एक तार टाळूवर, दोन कानांना. मेंदूत सतत बारीक विजेची ये-जा चालू असते. जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या डॉक्टरानं 1924 साली माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा टिपली. सेकंदाला आठ ते बारा हेलकावे असले तर ती अल्फा, म्हणजे जागा पण निवांत माणूस. त्याहून जलद ती बीटा. हळू, पेंगुळलेली ती थीटा. अल्फा वाढली की पडद्यावरचं विमान वर चढतं, घटली की खाली येतं. विमान वर ठेवता ठेवता मेंदूला आपोआप सवय लागते, अशी कल्पना. लहान मुलानं पाढा म्हटला की हातावर खडीसाखर ठेवतात ना, तसं.

काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे पडद्यावर रोखले. चर्चगेटला गाडी फलाटाला लागताना खिडकी पकडायच्या तयारीत उभे राहायचे, नेमकी तीच मुद्रा. आणि ते शांत व्हायला लागले. विमान सरळ जमिनीत गेलं.

"काका, दात सोडा," मुलगी म्हणाली.

"दोन सुटलेत. बाकीचे राहू देत."

"तसं नाही, जबडा सैल सोडा. मेंदूची वीज एवढीशी असते, व्होल्टच्या लाखाव्या हिश्शातली. तुम्ही दात आवळले की जबड्याच्या स्नायूंचा गोंगाट होतो, त्यात ती ऐकूच येत नाही."

खरंच, काकांच्या कानापुढे एक गाठ सुपारीसारखी वरखाली होत होती. इतकी वर्षं शेजारी राहून मी ती कधी पाहिली नव्हती.

"प्रयत्न करू नका, काका."

"प्रयत्न न करता मला आयुष्यात काही मिळालेलं नाही," काका म्हणाले, आणि ते मला पटलं.

महिन्याभरात काकांना सगळ्यांच्या डोक्यातलं दिसायला लागलं. वार्षिक सभेत त्यांनी खजिनदारांना "तुमचा बीटा फार झालाय" म्हणून बसवलं, वॉचमनला थीटा ठरवलं आणि कमिटीला गाढ झोपेतली डेल्टा. अल्फाकाका हे नाव त्याच सभेत पडलं, इतिवृत्तात मात्र नाही.

मांजरांची गोष्ट तर टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकानं दोनदा ऐकली आहे. कॅलिफोर्नियात 1960च्या दशकात बॅरी स्टर्मन नावाचा शास्त्रज्ञ मांजरांना विशिष्ट लहर वाढवायला शिकवायचा. जमलं की बक्षीस म्हणून दूध आणि रस्सा. पुढे रॉकेटच्या विषारी इंधनाची चाचणी करायची होती, तीही त्यानं मांजरांवरच घेतली. त्या इंधनानं झटके येतात. पण शिकवलेल्या मांजरांना ते इतरांपेक्षा उशिरा आले. तिथून ही विद्या फेफऱ्याच्या रुग्णांकडे गेली, मग चंचल मुलांकडे, मग चिंता, निद्रानाश करत करत आमच्या काकांपर्यंत.

"मांजरं दुधावर शिकली," काकू म्हणाल्या. "यांना बैठकीमागे पैसे मोजून जमेना."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी डॉक्टरांना थेट विचारलं. माणूस सरळ निघाला. म्हणाले, ऑस्ट्रियात झोप न येणाऱ्यांवर केलेली एक चाचणी 2017 साली छापून आली. काहींना खरी तालीम दिली, काहींना नुसती तालमीची बतावणी. बरं दोघांनाही वाटलं, खऱ्यावाल्यांना काही जास्त नाही. मुलांच्या चंचलपणावरच्या नीट बेतलेल्या चाचण्यांतही खऱ्याचं पारडं फारसं जड होत नाही. म्हणून गोळी आणि बोलणं हे मुख्य, तारा जोडीला.

काका हे सगळं कान देऊन ऐकत होते.

"म्हणजे बतावणीनंही बरं वाटतं?"

"बऱ्याच जणांना वाटतं."

"मग तिचा दर काय?"

डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. बँकेतला माणूस, कोटेशन मागत होता.

तरी एक खरं. पंधराव्या बैठकीच्या आसपास टँकर दोन तास उशिरा आला, काका पाइप हातात घेऊन पुढे झाले, थबकले आणि म्हणाले, "मी आता चिडणार आहे." आणि खरंच थोड्या वेळानं चिडले. पण मधे टँकरवाल्याला पाइप जोडायला सवड मिळाली. माझ्या मते श्रेय गोळीचं, आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास भांडायला समोर कोणी नसतं त्याचं. काका सगळं श्रेय अल्फाला देतात.

वीस बैठका संपल्या. पुढच्या पॅकेजला काकूंनी नकार दिला आणि टीव्हीचा रिमोट स्वतःकडे घेतला. दवाखान्यात बसून त्यांनी एकच गोष्ट शिकून घेतली होती, कानापुढची ती गाठ. गाठ हलली की टीव्ही बंद. सैल पडली की चालू. बातम्यांच्या चर्चा पहिल्या आठवड्यातच सुटल्या, कारण दीड मिनिटाच्या वर त्या कधी दिसल्याच नाहीत.

परवा भारताची मॅच होती. मी त्यांच्याकडेच होतो. शेवटची ओव्हर, सहा चेंडू, अकरा धावा. पहिल्याच चेंडूला धावबाद. काकांच्या कानापाशी सुपारी उसळली आणि पडदा काळा झाला.

"अगं, पाच चेंडू आहेत!"

काकूंनी रिमोट पदराखाली घेतला.

काकांनी डोळे मिटले. हात मांडीवर उलटे ठेवले. खालचा ओठ सोडला. तेवढ्यात समोरच्या बी विंगमधून एकच आरोळी उठली. चौकार की विकेट, आवाजावरून कळेना. काकांची एक पापणी उघडली.

"आता?" ते हळूच म्हणाले.

काकूंनी चष्मा पुढे ओढून निरखून पाहिलं.

"अजून नाही. डावीकडे हलतंय."