उपसूचनाकार

मुंबई म्युनिसिपालिटीत तेव्हा ७२ सभासद बसत. वॉर्डांतून निवडून आलेले ३६, 'जस्टिस ऑफ द पीस' लोकांनी पाठवलेले १६, सरकारने नेमलेले १६, आणि उरलेले चार युनिव्हर्सिटी व व्यापाऱ्यांच्या चेंबरचे. १८८८ च्या कायद्यात एवढेच वर्ग सांगितले आहेत. उपसूचनाकार हा वर्ग त्यात नाही, पण सभा मात्र त्याच्यावाचून एकही झाली नाही.

डोक्याला घट्ट पगडी, अंगात गुडघ्यापर्यंत काळा कोट आणि काखेत तोच कायदा. कायद्याच्या पानापानांत खुणेच्या इतक्या चिठ्ठ्या घातलेल्या, की पुस्तक फुगून त्याला सुतळी बांधावी लागे. बोरीबंदरासमोरच्या त्या घुमटाच्या इमारतीत हा गृहस्थ सुतळी सोडू लागला, की शेजारचे सभासद घरी निरोप धाडत : जेवायला थांबू नका.

विषय समजा गटाराच्या झाकणाचा आहे. सूचना एका ओळीची : झाकण फुटले आहे, नवे बसवावे. हा उठतो. भाषण इंग्रजीत, खाकरणे मराठीत. "'बसवावे' या शब्दाऐवजी 'बसवण्याच्या इष्टतेचा विचार व्हावा' हे शब्द घालावेत." कोणीतरी अनुमोदन देतो, कारण दिले नाही तर हा कारणे सांगेल. मग उपसूचनेवर उपसूचना, मग कोरम मोजणे, मग तहकुबी. तोवर त्या गटारात पडायचे ते पडून, निघून, घरी जाऊन आंघोळही करून मोकळे झालेले असतात.

१९११ साली मलेरियाची चौकशी करणाऱ्या डॉ. बेंटलींनी अहवाल दिला, की मुंबईचा मलेरिया घरोघरच्या विहिरींतल्या डासांपासून पसरतो. विहिरी बुजवा म्हटल्यावर शहर खवळले. कोणाची पूजा विहिरीवर, कोणाचे सोवळे विहिरीवर, पारशांची श्रद्धा विहिरीवर. सगळे धर्मावर बोलले, हा एकटा कलमावर बोलला. "डास खाजगी विहिरीत जन्मतो आणि सार्वजनिक रस्त्यावर चावतो. तेव्हा तो कोणत्या खात्याकडे?" प्रश्न बिनतोड होता. डासांनी मात्र उत्तराची वाट पाहिली नाही.

तुम्ही हसाल, पण त्याची बाजूही ऐका. कमिशनर सरकारने नेमलेला. माणसे त्याच्या हाताखाली, अंमलबजावणी त्याच्या हाती. सभासदाच्या हाती काय? वेळ! काम करणे त्याला जमण्यासारखे नव्हते, पण लांबवणे जमत होते, आणि परक्या राज्यात लांबवणे हीसुद्धा एक सत्ताच आहे. सरकारने १९०६ पासून नवा स्टँडर्ड टाइम लावला, तो मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. फिरोजशहा मेहतांसारखा सिंह उभा राहिला आणि म्युनिसिपालिटीने त्याच वर्षी ठरवले, की आमची घड्याळे मुंबईच्याच वेळेने चालतील. सरकारच्या घड्याळाला सुचवलेली ती ३९ मिनिटांची उपसूचनाच! देश स्वतंत्र झाला तरी ती कायम होती. मागे घेतली ती १९५० साली.

आमच्या गृहस्थाने त्या ठरावाला अर्थातच जोरात हात वर केला होता. आगगाडी मात्र स्टँडर्ड टाइमने सुटे. म्हणून त्या दिवसापासून त्याच्या कोटाच्या दोन खिशांत दोन घड्याळे आली : डावीकडे देशाभिमान, उजवीकडे गाडी.

पण सवय ही वाईट. त्याच्या स्वतःच्या गिरगावातल्या गल्लीत दिवा नव्हता. एका भल्या सभासदाने मैत्री म्हणून सूचना आणली : सदर गल्लीच्या तोंडाशी गॅसचा एक दिवा लावावा. कोणाचा विरोध नाही, कमिशनरची हरकत नाही. अध्यक्ष "मंजूर" म्हणायला तोंड उघडतात, तोच सुतळी सुटली.

"'तोंडाशी' हा शब्द संदिग्ध आहे. गल्लीला तोंडे दोन. विषय पोटसमितीकडे जावा."

आणि तो गेला.

त्या रात्री अंधारात चाचपडत, एक जोडा गटारात ठेवून, तो घरी आला. बाईसाहेब कंदील घेऊन दारातच उभ्या.

"अहो, त्या दिव्याचं काय झालं?"

"पोटसमितीकडे गेलाय."

"कोणा मेल्यानं धाडला?"

गृहस्थाने आधी डावे घड्याळ पाहिले, मग उजवे पाहिले. दोन्ही वेळांनी बराच उशीर झाला होता.

"त्याचं असं आहे," तो म्हणाला, "'मेल्यानं' या शब्दाऐवजी…"