दहापैकी तीन

आमच्या भोपाळच्या पिपलानीतल्या अप्पांचं खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलंय. ‘अप्पा’ हे घरातलं नाव नव्हे, नाटकातलं. उभा जन्म भेलमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर घालवल्यावर माणसाने गुडघे सांभाळावेत. यांनी अप्पासाहेब बेलवलकर सांभाळले. एका गणेशोत्सवात ‘नटसम्राट’ केलं, पडदा पडला, बाकीचे तोंड धुऊन घरी गेले. अप्पा अजून गेलेले नाहीत.

शिरवाडकरांचं हे नाटक डॉ. लागूंनी १९७०च्या डिसेंबरात उभं केलं, हे अप्पा स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा लवकर सांगतात. (लग्नाची त्यांना वहिनी सांगतात.) पुढे आलोक चटर्जींनी ते भोपाळात हिंदीतून गाजवलं, त्यामुळे इथे भाजीवाल्यालासुद्धा बेलवलकर ठाऊक. “को खां अप्पा, कल फिर मर गए?” असं त्याने विचारलं की त्या दिवशी अप्पा मेथीचा भाव करत नाहीत.

बायकोला ते अर्थातच ‘सरकार’ म्हणतात. वहिनींचं उत्तर ठरलेलं : “सरकारचा हुकूम आहे, गॅस बुक करा.”

तर या अप्पांचं चित्र काढायचं एका मुलीने मनावर घेतलं. ती भारत भवनात छापचित्रं करते. चार्ल्स कोरियांनी ही इमारत मोठ्या तलावाच्या उतारावर अशी बसवलीय की आत जायचं म्हणजे पायऱ्या उतरायच्या. १९८२पासून सगळं भोपाळ त्या उतरतंय, पण राज्य गेल्यासारखं एकटे अप्पाच उतरतात. मी पिशवी धरून मागे.

तीन तास त्यांनी चेहरा पाडून ठेवला. डाव्या डोळ्यात पाणीही आणलं. डावा डोळा ही त्यांची खासियत. मुलीने मेण चढवलेल्या जस्ताच्या पत्र्यावर सुईने रेघा ओढल्या आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडला. जितका जास्त वेळ ठेवू तितकी रेघ खोल जाते आणि छापात काळी उठते, असं तिने समजावलं.

“मग राहू दे रात्रभर. दुःख खोल आहे.”

“अंकल, रात्रभर ठेवलं तर चेहराच राहणार नाही.”

अप्पांना ही कल्पनाही आवडल्यासारखी दिसली.

आठवड्याने छाप हातात आला. उत्तमच होता. सुरकुतीन् सुरकुती बोलत होती. पण अप्पांची नजर खाली कोपऱ्यात गेली. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं : ३/१०.

“दहापैकी तीन?” आवाज थेट तिसऱ्या अंकातला. “परीक्षक कोण होता?”

एका पत्र्यावरून दहाच छाप काढलेत, त्यातला हा तिसरा, हे त्यांना पटवायला दोन चहा लागले. पटल्यावर म्हणाले, “मग दहावा द्या.”

आणखी एक भानगड वहिनींच्या लक्षात आली. छापात सगळं उलटं उमटतं, त्यामुळे अश्रू उजव्या डोळ्याला लागला होता. अप्पा बराच वेळ आरशासमोर उभे राहिले.

यंदाच्या गणपतीत त्यांनी पुन्हा तोच प्रवेश केला. मी पहिल्या रांगेत होतो. अप्पा उजव्या डोळ्याने रडले.